सरकारचा पुनर्बांधणीचा प्लॅन कसा वाचायचा, आणि त्यावरून होणारी भांडणं कशी समजून घ्यायची

देशावर मोठं संकट येऊन गेलं, युद्ध म्हणा, फाळणी म्हणा, भूकंप म्हणा नाहीतर तिजोरीच रिकामी झाली म्हणा, की थोड्याच दिवसांत सरकार एक मोठा प्लॅन जाहीर करतं. टीव्हीवर आकडा झळकतो, इतके लाख कोटी, आणि लगेच दुसऱ्या दिवसापासून त्यावरून भांडण सुरू. मग घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, की अरे आधी देश सावरू द्या, भांडणं नंतर करा. मला हे अजिबात पटत नाही. कारण संकटात जे नुकसान झालं ते झालंच, ते कुणाच्या ना कुणाच्या अंगावर पडणारच असतं, आणि कुणाच्या अंगावर किती टाकायचं हे ठरवणारा कागद म्हणजे हा प्लॅन. तो ठरत असतानाच लोक बोलणार नाहीत तर कधी बोलणार? म्हणून असा प्लॅन समोर आला की तो वाचायचा कसा, आणि रस्त्यावर उतरलेली माणसं नक्की कशासाठी उतरलीत हे ओळखायचं कसं, ते सांगतो.

मोठा आकडा बाजूला ठेवा, पैसे कोण भरणार ते आधी बघा

पॅकेजचा एकूण आकडा जवळजवळ काहीच सांगत नाही. पहिला प्रश्न हा की हे पैसे येणार कुठून, आणि तेही "सरकारकडून" या उत्तरावर थांबायचं नाही. सरकारकडे येतो तो पैसा टॅक्समधून, कर्जातून, लोकांच्या ठेवींमधून किंवा नोटा छापून (म्हणजे महागाईतून) येतो, आणि या प्रत्येक वाटेवर वेगळा माणूस उभा असतो.

जपानचं बघा. 2011 च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर पुनर्बांधणीसाठी खास टॅक्स लावला. सामान्य माणसाच्या इन्कम टॅक्सवर 2.1 टक्के जादा, 2013 पासून 25 वर्षं. कंपन्यांवरही लावला, पण तो 3 वर्षांसाठी, आणि तोसुद्धा ठरल्यापेक्षा एक वर्ष आधीच काढून टाकला. सरकारचं म्हणणं होतं की कंपन्या मोकळ्या झाल्या तर पगार वाढवतील. बरोबर की चूक ते तुम्ही ठरवा, पण नुसतं "सगळ्यांनी मिळून भार उचलला" असं ऐकून सोडून दिलं असतं तर हा फरक दिसलाच नसता. टॅक्सचा दर बघताना त्याची मुदतही बघा, दोन्ही शेजारी शेजारी लिहून ठेवा.

दुसरी जागा म्हणजे रूपांतराचा दर, म्हणजे एका चलनातला पैसा दुसऱ्या चलनात कोणत्या भावाने बदलला ते, आणि इथे फार मोठमोठे निर्णय एका ओळीत उरकलेले असतात. अर्जेंटिनात डिसेंबर 2001 मध्ये बँकेतून आठवड्याला 250 पेसोच (पेसो म्हणजे तिथलं चलन) काढता येतील अशी मर्यादा घातली, आणि पुढच्या काही आठवड्यांत डॉलरमधल्या ठेवी जबरदस्तीने पेसोत बदलल्या, एका डॉलरला 1.40 पेसो या दराने. पण डॉलरमधली कर्जं मात्र एका डॉलरला एकच पेसो या दराने बदलली. म्हणजे ज्याच्यावर डॉलरचं कर्ज होतं तो हलका झाला, ज्याने डॉलर साठवले होते तो बुडाला, कारण काही महिन्यांतच बाजारात डॉलर 3 पेसोच्या वर गेला होता, आणि मधला फरक भरून द्यायला बँकांना सरकारी रोखे मिळाले. लोक बँकांच्या शटरवर पातेली आपटत होते ते उगाच नाही.

श्रीलंकेत हेच जरा वेगळ्या पद्धतीने झालं. एप्रिल 2022 मध्ये त्यांनी परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले, जुलैत लोक राष्ट्राध्यक्षांच्या घरात शिरले, गोटाबाया राजपक्षे देश सोडून गेले, आणि मार्च 2023 मध्ये आयएमएफचं (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं) सुमारे 3 अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर झालं. इथवरची बातमी सगळ्यांनी वाचली. पण बोजा कुठे गेला? एक तर व्हॅटमध्ये. 2019 च्या शेवटी जो 15 वरून 8 टक्क्यांवर आणला होता, तो 2022 मध्ये आधी 12, मग 15 आणि जानेवारी 2024 पासून 18 टक्के. व्हॅट दुकानातल्या बिलावर लागतो, गरिबाला आणि श्रीमंताला दर एकच. आणि दुसरा भाग गेला नोकरदारांच्या पीएफमध्ये. देशांतर्गत कर्जाची फेररचना करताना पीएफसारख्या फंडांकडे असलेले रोखे कमी व्याजाच्या लांब मुदतीच्या रोख्यांत बदलून घेतले, आणि जो फंड या बदलाला राजी होणार नाही त्याच्या उत्पन्नावर 14 ऐवजी 30 टक्के टॅक्स. बँकांना यातून वगळलं. सरकारचं कारण असं की बँका आधीच हलल्यात, त्या पडल्या तर सगळ्यांच्याच ठेवी जातील. ते कारण खोटं नाही. पण कामगार संघटना विचारत होत्या की मग आमच्या म्हातारपणाची पुंजी तेवढी कशी काय हलली तरी चालते, आणि हा प्रश्नही खोटा नाही. खरं भांडण नेहमी असंच असतं, दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात दम असतो.

बोजा उघडपणे वाटून घेतल्याची उदाहरणंही आहेत. पश्चिम जर्मनीत दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्वेकडून हाकलून दिलेले जवळपास 80 लाख लोक येऊन पडले होते, अंगावरच्या कपड्यानिशी, आणि शेजारच्या गल्लीत असा माणूस राहत होता ज्याचं घर बॉम्बमधून वाचलं होतं. 1952 मध्ये कायदा झाला की ज्यांची मालमत्ता वाचली त्यांनी तिच्या निम्म्या किमतीइतकी रक्कम द्यायची, किंमत धरायची 21 जून 1948 ची, आणि भरायची 30 वर्षांत, तिमाही हप्त्यांनी. निम्मी मालमत्ता ऐकून दचकायला होतं, पण हप्त्यांमुळे बहुतेकांनी ती वर्षाच्या कमाईतून भरली, घरं-कारखाने विकायची वेळ फारशी आली नाही. म्हणूनच निर्वासितांना ते कमी वाटलं, त्यांनी 1950 मध्येच स्वतःचा पक्ष काढला होता आणि तो 1953 मध्ये संसदेत पोचला सुद्धा. तरी माझ्या मते असा प्लॅन सगळ्यात प्रामाणिक, कारण कोण देणार आणि कोण घेणार हे कायद्यातच लिहिलेलं होतं, महागाईच्या आड लपवलेलं नव्हतं.

मग व्याख्या वाचा, कारण माणूस यादीतून तिथेच गळतो

कुणालाही "तुला देणार नाही" असं तोंडावर सांगितलं जात नाही. सांगितलं जातं की तुम्ही व्याख्येत बसत नाही. त्यामुळे प्लॅनची पीडीएफ हातात आली की प्रस्तावना सोडा, सरळ व्याख्या आणि परिशिष्टं उघडा. "कुटुंब" म्हणजे कोण, "बाधित" म्हणजे कोण, भाडेकरू धरलाय का, दुसऱ्याची जमीन कसणारा धरलाय का, कागद नसलेल्याचं काय, कट-ऑफ तारीख कोणती.

अमेरिकेत महामंदीनंतर 1935 मध्ये सोशल सिक्युरिटीचा कायदा आला, म्हातारपणी पेन्शन मिळेल असा. त्यात शेतमजूर आणि घरकाम करणारे वगळले होते. कायद्यात वंशाचा उल्लेख कुठेच नाही, पण दक्षिणेतले बहुतेक काळे कामगार याच दोन कामांत होते, मग यादीत कोण राहिलं ते वेगळं सांगायला नको. त्याच्या दोन वर्षं आधी शेतीमालाचे भाव वर आणायला सरकारने पीक कमी करण्याचे पैसे द्यायला सुरुवात केली होती, 1933 मध्ये उभा कापूस सुमारे 1 कोटी एकरांवर नांगरून टाकला गेला. चेक जायचा जमिनीच्या मालकाला. वाटेकऱ्याचा, म्हणजे पिकाच्या वाट्यावर ती जमीन कसणाऱ्याचा, हिस्सा मालकाने द्यायचा होता, पण कमी जमीन कसायची म्हटल्यावर वाटेकरी हवेत कशाला, म्हणून किती तरी मालकांनी त्यांना जमिनीवरूनच उठवलं. 1934 मध्ये आर्कान्सामधल्या टायरोन्झा गावात काळ्या आणि गोऱ्या वाटेकऱ्यांनी एकत्र येऊन युनियन काढली ती या एका चेकमुळे. एवढं लक्षात ठेवा, मदत कुणाच्या नावावर निघते हे बघा, कुणासाठी आहे असं भाषणात सांगितलं ते नाही.

यादी तयार कशी होते हे तर अजून महत्त्वाचं. आणि यात आपल्याच देशाचं एक काम मला फार मोठं वाटतं. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या हिंदू आणि शीख शेतकऱ्यांनी मागे सोडलेली जमीन होती सुमारे 67 लाख एकर, आणि इकडे पूर्व पंजाबात मुसलमान शेतकरी सोडून गेलेली जमीन सुमारे 47 लाख एकर. म्हणजे 20 लाख एकरांचा खड्डा, आणि तो कुणाच्या तरी पदरात टाकायचाच. शिवाय कालव्याखालची जमीन आणि कोरडवाहू जमीन एकच कशी धरणार. पुनर्वसनाचं काम बघणाऱ्या तरलोक सिंग यांनी "स्टँडर्ड एकर" ठरवला, जिथे 10 ते 11 मण तांदूळ पिकेल तेवढी जमीन म्हणजे एक स्टँडर्ड एकर, मग कोरड्या भागात प्रत्यक्षातले चार एकर मिळून एक व्हायचा. आणि कपात चढती ठेवली. पहिल्या 10 एकरांवर 25 टक्के कपात, त्यापुढे 30 एकरांपर्यंत 30 टक्के, असं वाढत वाढत 500 एकरांच्या वर 95 टक्के. ज्याचं जास्त होतं त्याचं जास्त गेलं.

पण कुणाची किती होती हे खरं कसं कळणार, कागद तर सीमेपलीकडे राहिलेले. एका महिन्यात पाच लाखांवर अर्ज आले होते आणि त्यात फुगवलेले आकडे असणारच. तर अर्जांची तपासणी उघड सभेत केली. त्याच गावातून आलेले लोक समोर बसायचे, अधिकारी एकेक दावा मोठ्याने वाचायचा, आणि जमलेले लोक म्हणायचे हो बरोबर, किंवा याची एवढी नव्हती, किंवा हे खोटंच आहे. जुन्या शेजाऱ्यासमोर खोटं बोलणं अवघड असतं. नोव्हेंबर 1949 पर्यंत अडीच लाख वाटपं झाली होती. तक्रारी आल्या, मोठे जमीनदार नाराज होते, पण कुणाला किती आणि का हे सगळ्यांना दिसत होतं.

आता शेजारी बंगाल ठेवा. संकट तेच, केंद्र सरकार तेच, पण तिथे लोक परत जातील असं धरून चालले, एप्रिल 1950 चा भारत आणि पाकिस्तानच्या पंतप्रधानांमधला नेहरू-लियाकत करार त्यातूनच झाला, त्यामुळे पंजाबसारखी मोकळ्या झालेल्या जमिनीची कायमची वाटणी झाली नाही, तात्पुरत्या मदतीवर भागवलं गेलं. लोक काही परत गेले नाहीत. त्यांनी कलकत्त्याच्या आसपास मोकळ्या जागांवर स्वतःच वसाहती उभ्या केल्या, 1951 मध्ये त्यांना उठवायचा कायदा आला तेव्हा मोठी आंदोलनं झाली, आणि नंतर हजारो कुटुंबांना दंडकारण्यात पाठवलं जिथली माती त्यांना नवीन, पाऊस नवीन. त्यामुळे प्लॅन वाचताना हेही विचारा की तो नक्की काय गृहीत धरून चाललाय. लोक परत जातील, पर्यटन पुन्हा वाढेल, निर्यात वाढेल, असं जे वाक्य अगदी सहज येऊन जातं तिथे थांबा.

हातात मिळणारा कागद नक्की काय देतो

हा मुद्दा छोटा आहे, पण यात आयुष्यं गेलीत. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 16 जानेवारी 1865 ला जनरल शर्मनने आदेश काढला की दक्षिण किनाऱ्याची पट्टी गुलामीतून सुटलेल्या कुटुंबांना द्यायची, प्रत्येकी 40 एकरांपर्यंत. सुमारे 40 हजार लोक तिथे वसले, पिकं घेतली. पण त्या आदेशात होता तो फक्त ताबा, तोही राष्ट्राध्यक्षांच्या मंजुरीच्या अटीवर. लिंकन यांचा खून झाला, अँड्र्यू जॉन्सन आले, आणि त्यांनी जुन्या मालकांना माफी देऊन जमिनी परत करायला सुरुवात केली. ऑक्टोबर 1865 मध्ये गुलामीतून सुटलेल्यांसाठीच्या सरकारी खात्याचा प्रमुख जनरल हॉवर्ड याला त्याच पट्टीतल्या एडिस्टो बेटावर पाठवलं, तिथल्या चर्चमध्ये जमलेल्या लोकांना सांगायला की जमीन परत द्यावी लागणार. सभेत एवढा गलका झाला की त्याला बोलताच येईना. त्या लोकांनी मग कमिटी करून लेखी उत्तर दिलं, की ज्या मालकाने आम्हाला झाडाला बांधून फटके मारले त्याला माफ करा म्हणता, आणि त्याच्याच जमिनीवर त्याच्याच अटीवर पुन्हा राबा म्हणता. त्यांना काय गमावतोय ते नेमकं माहीत होतं.

म्हणून घर, प्लॉट, जमीन, नोकरी काहीही मिळत असलं तरी बघा, मालकी की नुसता ताबा, कायदा की आदेश, आणि तो रद्द करायचा अधिकार कुणाकडे. पुढच्या सरकारला एका सहीने काढून घेता येत असेल तर ते मिळालंय असं समजू नका.

घाई कुठे आहे आणि कुणाची

संकटानंतर घाई लागतेच, त्यात वाईट काही नाही, उघड्यावर पडलेल्या माणसाला सहा महिने चर्चा करू म्हणणं क्रूर आहे. पण तातडीच्या कामाची घाई वेगळी आणि कायमच्या निर्णयाची घाई वेगळी. जपानच्या कोबे शहरात 17 जानेवारी 1995 ला भूकंप झाला, आणि बरोबर दोन महिन्यांनी, 17 मार्चला, शहराने नवीन रस्ते-बागांचा आराखडा पक्का केला. लोक तेव्हा शाळांमध्ये, निवाऱ्यांमध्ये राहत होते, कुणाच्या प्लॉटमधून रस्ता जाणार हे कित्येकांना नंतर कळलं. विरोध प्रचंड झाला. प्रशासनाचं म्हणणं होतं की बांधकामबंदीची कायदेशीर मुदतच दोन महिन्यांची, ती संपली की लोक जसं जमेल तसं बांधतील आणि पुन्हा अरुंद गल्ल्या, पुन्हा आगीचा धोका. शेवटी असं ठरलं की मोठे रस्ते आणि मोठ्या बागा आत्ता पक्क्या, बाकी बारीक गोष्टी प्रत्येक भागातल्या रहिवाशांच्या समितीशी बोलून. जिथे समित्या नेटाने भांडल्या तिथे आराखडे बदललेही.

तारखा बघायची सवय लावून घ्या. श्रीलंकेत पीएफवाला निर्णय संसदेत मंजूर झाला 1 जुलै 2023 ला, शनिवारी, बँकांना सलग पाच दिवस सुट्टी असताना. बाजारात घबराट होऊ नये म्हणून सुट्टी, हे समजू शकतो, पण लोकांना त्यावर बोलायला वेळ किती मिळाला तेही मोजायला हवं. हरकती-सूचनांची मुदत किती दिवस, कागद लोकांच्या भाषेत आहे का, आणि आणीबाणीचे अधिकार असतील तर ते संपायची तारीख लिहिली आहे का. तारीख नसेल तर तो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा. निवडणुकांवरही लक्ष ठेवा, श्रीलंकेतच मार्च 2023 च्या स्थानिक निवडणुका पैसे नाहीत म्हणून पुढे ढकलल्या, सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट 2024 मध्ये म्हटलं की यात मूलभूत हक्कांचा भंग झाला, आणि निवडणुका झाल्या थेट मे 2025 मध्ये.

आता रस्त्यावरचं भांडण वाचा

कुणी मोर्चा काढला की आधी बाजू घेऊ नका, त्यांच्या हातातले बोर्ड वाचा आणि ठरवा की भांडण वाट्याचं आहे, यादीचं आहे की अधिकाराचं. वाट्याचं असेल तर आकडे बदलून मिटू शकतं. नोव्हेंबर 1948 मध्ये पश्चिम जर्मनीत सुमारे 90 लाख कामगारांनी एक दिवसाचा संप केला, कारण नवीन चलन आलं, भावांवरचं नियंत्रण गेलं पण मजुरी मात्र बरेच महिने गोठवलेलीच होती, तिच्यावरची बंधनं उठली ती त्याच महिन्याच्या सुरुवातीला. यादीचं भांडण अपिलाची सोय नीट असेल तर निवळतं. श्रीलंकेत 2023 मध्ये अस्वेसुमा नावाची नवीन मदत योजना आली तेव्हा यादीतून गळलेल्यांनी ठिकठिकाणी निदर्शनं केली आणि अपिलांचा ढीग पडला.

अधिकाराचं भांडण सगळ्यात चिवट, कारण तिथे लोक विचारत असतात की हे ठरवणारे तुम्ही कोण. कर्जात बुडालेल्या ग्रीसमध्ये 5 जुलै 2015 च्या सार्वमतात 61 टक्के लोकांनी कर्ज देणाऱ्यांच्या अटींना नाही म्हटलं आणि आठवड्याभरात सरकारला जवळपास तशाच अटी मान्य कराव्या लागल्या, बँका बंद होत्या, दुसरा पैसा नव्हता. तिथे टॅक्सचा दर एक-दोन टक्के इकडे-तिकडे करून राग जाणार नव्हता. कर्ज बाहेरून येत असेल तर म्हणूनच करारातल्या अटी आणि पुढचा हप्ता कशावर अवलंबून आहे ते सरकारी प्रेसनोटमध्ये न वाचता मूळ कागदात वाचा. आयएमएफचे करार वेबसाइटवर असतात, इंग्रजी रटाळ असते, पण अटींचा तक्ता शेवटी असतो, तिथूनच सुरुवात करा.

आणि ओरडतो तो पीडितच असं नाही. जपानमध्ये 1946 नंतर जमीन सुधारणा झाली, सरकारने जमीनदारांकडून ठरलेल्या भावाने जमीन घेऊन कुळांना विकली, आणि महागाई एवढी होती की मिळालेले पैसे जवळपास कवडीमोल झाले. जमीनदार कोर्टात गेले, 1953 मध्ये हरले, तरी संघटना करून मागे लागले आणि 1965 मध्ये त्यांनी सरकारकडून रक्कम मिळवली. त्यांचं नुकसान झालं हे खरंच. पण त्याच सुधारणेमुळे लाखो कुळं मालक झाली, आणि ती मंडळी काही मोर्चे काढत नव्हती, शेतात होती. ज्यांचा आवाज येत नाही त्यांना विचारायला कुणीतरी जावं लागतं.

वर्षभराने पुन्हा उघडा

हे फार कमी लोक करतात. जाहीर झालेली तरतूद एका बाजूला, प्रत्यक्ष खर्च दुसऱ्या बाजूला, आणि तो खर्च कुठल्या जिल्ह्यात झाला ते तिसरीकडे, एवढाच तक्ता करा. जपानमध्ये 2012 मध्ये असाच हिशोब तपासला गेला तेव्हा दिसलं की त्सुनामीच्या पुनर्बांधणी निधीतले सुमारे 230 कोटी येन व्हेल पकडायच्या मोहिमेकडे गेले होते, काही पैसे पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, ओकिनावातल्या रस्त्याला. कारण काय तर मूळ कायद्यात बाधित भागासोबत "सबंध जपानला पुन्हा चैतन्य" अशा अर्थाचे शब्द होते, आणि त्या शब्दांखाली काहीही बसवता येत होतं. व्हेल पकडणारं एक गाव त्सुनामीत उद्ध्वस्त झालं होतं, असा सरकारचा खुलासा होता. वर्तमानपत्रांनी आणि संसदेतल्या लोकांनी लावून धरल्यावर नियम कडक झाले. असले ढगळ शब्द, म्हणजे "सर्वांगीण", "नवचैतन्य", "आणि इतर अनुषंगिक कामे", पहिल्या वाचनातच अधोरेखित करून ठेवा, म्हणजे वर्षभराने खर्चाची यादी हातात आली की नेमकं कुठे बोट ठेवायचं ते शोधत बसावं लागणार नाही.